पिवळ्या डब्याचा उमेदवार

रामहरी निवडणुकीत आठ मतांनी पडला, आणि सुंदरम्माचं लग्न मुंबईच्या गिरणीतल्या एका जॉबरशी झालं.

आता हे वाक्य कुणी वाचलेलंच नाही, असं धरून चालू. दौत कलंडते तसं ते कलंडलं, झालं. रामहरी अजून पडलेला नाही. पडायला आधी उभं राहावं लागतं, आणि तो तर अजून उभाही राहिलेला नाही. सन एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात, सकाळी साडेसातच्या सुमाराला, तो शुक्रवार पेठेतल्या विणकरांच्या गल्लीतून नुसता चालतो आहे. अंगात स्वच्छ पांढरा सदरा आहे. हे लक्षात ठेवावं, कारण चार ओळींनंतर तो तसा राहणार नाही.

प्रेमकथेला पाऊस लागतो हे मान्य. पण सोलापूरच्या पावसाच्या भरवशावर बसलं असतं तर या दोघांची भेट भाद्रपदात झाली असती. तीही झाली तर. म्हणून त्या सकाळी आभाळाच्या ऐवजी मल्लय्या रंगाऱ्याच्या दारातले बांबू गळत होते. बांबूंवर नुकत्याच रंगवलेल्या सुताच्या लडी टांगल्या होत्या, पिवळ्याधमक, ओल्याकंच.

टप्... एक थेंब खांद्यावर. टप्, टप्... दोन पाठीवर. रामहरी थांबला आणि काय गळतंय म्हणून त्यानं वर बघितलं. चौथा थेंब नाकावर पडला.

"अय्यो!" दारातून आवाज आला. "बघून चाला की! वर सूत आहे."

"बगितलं की वर," रामहरी म्हणाला. "तवाच नाकावर पडला."

दारात मल्लय्याची मुलगी सुंदरम्मा उभी होती. वय एकोणीस, म्हणजे गल्लीच्या मतानं लग्नाला चार वर्षं उशीर. पण आई गेल्यापासून रंगाचा हौद तीच सांभाळायची, आणि हौद सोडून लेक द्यायला मल्लय्याचा जीव होत नव्हता. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. हसू आलं म्हणून तिनं तोंडावर हात नेला आणि गालालाही पिवळी बोटं उठली.

"धुतल्यावर जाईल न्हवं ह्यो?"

"नायनाचा रंग?" नायना म्हणजे तिचे वडील. "पक्का असतो. सदरा जाईल, रंग जायचा नाही."

"मग आता म्या काय करू?"

"उरलेला सदरा पण आणून द्या. सगळाच बुडवून देते."

रामहरीनं आधी ओठ मिटून घेतले आणि मग तो हसला, जणू हसायची परवानगी आतून यायची होती. आणि जाता जाता एकदम आवाज बदलून, छापील मराठीत म्हणाला, "सोलापूर, तारीख सात. आमच्या बातमीदाराकडून: शुक्रवार पेठेत एका निरपराध इसमावर पिवळ्या रंगाचा हल्ला! हल्लेखोर अद्याप हसत आहेत."

सुंदरम्माचं हसू जागच्या जागी थांबलं. हा आवाज... हा आवाज ती गेलं दीड वर्ष रोज ऐकत होती.

"म्हणजे... वाचणारे तुम्हीच?"

त्याचं असं होतं. तिच्या अंगणाच्या मागच्या भिंतीला लागून सन्मित्र मोफत वाचनालय होतं. तिथले बरेचसे सभासद वाचता न येणारे होते, म्हणून वाचनालयानं पुस्तकांच्या आधी एक वाचणारा ठेवला होता. तो रोज आठ ते दहा मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि विणकर ओळीनं बसून ऐकायचे. मागच्या गल्लीतल्या काही तेलुगू म्हाताऱ्यांना मराठी बिलकुल येत नव्हतं; पण कुठल्या बातमीला चेहरा कसा करायचा ते त्यांना बरोबर यायचं. वाचनालयाची गजांची एक खिडकी सुंदरम्माच्या हौदावर उघडायची. काठीनं लडी फिरवता फिरवता तिनं दीड वर्षात महायुद्धाच्या पाच धमक्या, दोन भूकंप आणि केसतेलाच्या अगणित जाहिराती ऐकल्या होत्या. आवाजाचं नाक मात्र आजच दिसलं. पिवळं.

त्या दिवसापासून रामहरी खिडकीजवळच्या बाकावर बसून वाचायला लागला. उजेड तिथंच चांगला येतो, हे त्याला दीड वर्षानं कळलं.

वाचून झालेली वर्तमानपत्रं सूत गुंडाळायला रंगाऱ्याकडे जायची. आता त्यांत पेन्सिलीच्या खुणा यायला लागल्या. एखादा 'त' गोल केलेला असायचा, एखादा 'म'. बातम्यांची अक्षरं बारीक, म्हणून खुणा जाहीर नोटिशींवर असायच्या; ती अक्षरं ठळक. त्यामुळं सुंदरम्मा लिहायला शिकली ती थेट सरकारी मराठी. दोन महिन्यांनी तिनं भिंतीवर पिवळ्या बोटानं आपलं पहिलं वाक्य लिहिलं:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की रंग वाळला आहे.'

रामहरीनं गजांतून ते वाचलं. "सही ऱ्हायली की."

"कुणाची?"

"हुकूम काढनाऱ्याची."

"मी कुठली हुकूम काढणार? मला तर आत पण यायला नाही. बायकांना आत का घेत नाहीत हो?"

"नियम हाय."

"कुणाचा?"

"अध्यक्षांचा."

"ते कधी बदलतात?"

"नियम का अध्यक्ष?"

"कुठलंही."

रामहरीनं मान वळवून आत बघितलं. आत वाचनालयाची एकुलती एक हातांची खुर्ची होती आणि तिच्यात गुरुसिद्धप्पा बसले होते. ते एकोणीस वर्षं अध्यक्ष होते. खुर्ची त्यांच्या आकाराची झाली होती का ते खुर्चीच्या, हे आता सांगता येत नव्हतं.

"अवघड दिसतंय," तो म्हणाला.

"मग तुम्हीच व्हा की अध्यक्ष," सुंदरम्मा म्हणाली. सहज म्हणाली. लडी उलटी करायची काठी जड असते, ती उचलताना माणूस काहीही म्हणतो.

पण रामहरीनं ते ऐकलं. आणि तो उभा राहिला.

त्या साली विणकरांनी गुरुसिद्धप्पांच्या विरुद्ध 'नवी बाजू' काढली होती. सभासदांत विणकरच जास्त, तेव्हा नव्या बाजूचा माणूस निवडून येणार हे खुर्चीलाही कळत होतं. घोटाळा एवढाच होता की नव्या बाजूत अध्यक्ष व्हायला तीन जण तयार होते. म्हणून ठरलं की आधी आपसात एक निवडणूक घ्यावी, तिच्यात येईल तो गुरुसिद्धप्पांच्या समोर. हिला 'घरची फेरी' म्हणायचं ठरलं. घरच्या फेरीत जिंकला तो जिंकलाच.

पहिले उमेदवार हिंदुराव. पेठेतलेच, तीन पिढ्यांचे, मिशीसकट. त्यांचा एक मेहुणा रिकामा होता आणि निवडून आल्यावर वाचणाऱ्याच्या जागेवर त्याला बसवायचं त्यांनी उघड कबूल केलं होतं. मेहुण्याला वाचता येत होतं. फक्त तो प्रत्येक स्वल्पविरामाला पाणी प्यायचा. दुसरे चन्नप्पा. त्यांची पाठ दुखायची आणि त्यांना ती हातांची खुर्ची हवी होती. बाकी काही म्हणणं नव्हतं. तिसरा रामहरी, आणि तो टेंभुर्णीचा.

"मानूस बरा हाय," हिंदुराव कट्ट्यावर सांगायचे, "पर पावणा हाय. पावण्याला ताट वाढत्यात, किल्ल्या देत न्हाईत. आज हितं, उद्या टेंभुर्णी."

"पावणा दोन वर्सं ऱ्हायला की त्याला भाडेकरू म्हनत्यात," रामहरी म्हणायचा. लोक हसायचे. पण हसणं डब्यात पडत नाही.

त्याचा सूचक होता चांदसाब टांगेवाला. परका उमेदवार कितपत चालेल याचा अंदाज चांदसाब स्टेशन ते पेठ या वाटेवर घ्यायचा, बसेल त्याला विचारून. पहिल्या दिवशीचा निकाल त्यानं खिडकीशी येऊन सांगितला. दहा जणांना विचारलं. सात जणांना रामहरी कोण ते माहीत नव्हतं, दोघांना तो भजनी वाटला, आणि एकाची कुर्डुवाडीची गाडी चुकली.

"चान्स किती मग?" रामहरीनं विचारलं.

"घोडे से पूछूँ तो जास्ती निकलते मियाँ," चांदसाब म्हणाला.

पण आठवड्याभरात वारं फिरलं. रोज सकाळी ज्याचा आवाज कानात पडतो त्याला परका तरी किती दिवस म्हणणार? विणकर म्हणायला लागले, जग आपल्याला कळतं ते याच्या तोंडून. उद्या मेहुणा आला तर प्रत्येक बातमीत पाणी शिरेल. आता दहांतले सहा रामहरीचे होते. चांदसाबनं घोड्याच्या कपाळाला गोंडा बांधला.

हौदापाशी सुंदरम्मा काठी फिरवत होती आणि मनातल्या मनात मोजत होती. हिंदुराव आले तर हा जाणार. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात याचा मामा होता आणि तो दर पत्रात 'जागा धरून ठेवली आहे' असं लिहायचा. हा आला तर राहणार. एका माणसाच्या गल्लीत राहण्या-न राहण्यावर एकसष्ट माणसांनी मत द्यायचं होतं, आणि ज्या एकीला ते द्यायचं होतं तिला मतच नव्हतं.

निवडणूक अधिकारी म्हणून एका रिटायर हेडमास्तरांना नेमलं. मतदारांना नावं वाचता येणार नाहीत, म्हणून त्यांनी रॉकेलचे तीन डबे मागवले, प्रत्येक उमेदवाराचा एक रंग, आणि प्रत्येक मतदाराच्या हातात एक चिंचोका. पसंत त्या डब्यात चिंचोका टाकायचा. हिंदुरावांनी हिरवा रंग घेतला, दाराला लावून उरला होता म्हणून. चन्नप्पांनी तांबडा.

"तुम्हाला?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पिवळा," रामहरी म्हणाला.

"कारण?"

"सदऱ्याला जुळतोय."

हेडमास्तरांनी ते कारण रीतसर लिहून घेतलं.

घरच्या फेरीला तीन दिवस होते. दुपारी मल्लय्या बाजारात गेलेला. रामहरी खिडकीतून नाही, दारातून आला. अंगात तोच सदरा. पिवळे थेंब जिथल्या तिथं, एकही पुसट झाला नव्हता. हौदातून वाफ निघत होती आणि पलीकडच्या घरात माग चालला होता... खट्-खटक्, खट्-खटक्.

"मागल्या गल्लीतली म्हातारी मंडळी हायती न्हवं," तो म्हणाला, "त्यास्नी मराठी कळत न्हाय. बारा मतं हायती. तेलगूत पिवळ्याला काय म्हनत्यात, तेवडं सांगा. घरोघर जाऊन सांगतो."

"एवढ्यासाठी आलात?"

"एवढ्यासाठीच."

"मग सांगून टाकते आणि जा."

"जातो की. घाई कुनाला हाय?"

सुंदरम्मानं काठी हौदाच्या काठाला टेकवली. "निवडून आलात तर काय करणार?"

"दोन कामं. पयलं... वाचनालयाच्या वहीत बायकांचं खातं काढायचं. पयलं नाव तुमचं."

"आणि दुसरं?"

रामहरीनं ओठ मिटले. परवानगी आतून यायची होती. या वेळी तिला वेळ लागला.

"दुसरं काम तुमच्या नायनांकडं हाय," तो म्हणाला. "अध्यक्ष झालो तर त्यांच्या म्होरं तोंड उघडाया येईल."

"आत्ता नाही का तोंड?"

"आत्ता हाय ते पेपर वाचायचं."

माग थांबला होता का चालू होता, सुंदरम्माला पुढं कधीच आठवलं नाही. वाफेच्या पलीकडून तो बघत होता. आता इथं तेलुगूबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात. तेलुगूत 'पच्च' म्हणजे हिरवा, आणि 'पच्च' म्हणजेच पिवळाही. आधी काय लावाल त्यावर ठरतं. आधी पान लावलं की आकुपच्च, म्हणजे हिरवा. आधी हळद लावली की पसुपुपच्च, म्हणजे पिवळा. पसुपु म्हणजे हळद. नुसतं 'पच्च' म्हटलं तर बहुतेक लोक पानच धरतात.

म्हणजे सुंदरम्माला त्या क्षणी, 'तुमच्या नायनांकडं काम हाय' असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून, आधी 'हळद' म्हणायचं होतं.

"प..." ती म्हणाली. गाल तापले. वाफेनं असेल. "...पच्च."

"पच्च," रामहरी म्हणाला. "पच्च डब्बा. बरोबर?"

तिनं मान हलवली. ती कुणीकडे हलली हे तिलाही कळलं नाही. त्यानं ती सोयीची धरली आणि गेला.

मतदानाच्या आदल्या दिवशी दिवस कलता कलता ती नळावर उभी होती. बरोबर शेजारची निंगव्वा होती. निंगव्वाला तीन भाषा येत होत्या आणि तिन्हींत ती गल्लीची खबर ठेवायची. समोरून रामहरी दारोदार हिंडत येत होता, हात जोडत, आनंदानं ओरडत, "पच्च डब्बा! पच्च डब्बा!"

ओट्यावरचा म्हातारा येडू कानावर हात धरून म्हणाला, "पच्चा? आकु लेक्कना?"

म्हणजे पानासारखा का?

रामहरीला त्यातलं 'पच्च' तेवढं कळलं. "व्हय व्हय!" तो म्हणाला. "पच्च!"

येडूनं मागं वळून उरलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं. माना एकामागून एक हलल्या. पानासारखा.

सुंदरम्माच्या हातातली घागर भरून वाहायला लागली. एक शब्द. तीनच अक्षरं. गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला एक हाक मारायची... पसुपु! म्हणजे भर रस्त्यात, निंगव्वाच्या देखत, एका परक्या तरण्या माणसाला उद्देशून 'हळद!' म्हणून ओरडायचं. तिनं तोंड उघडलं.

"काय गं?" निंगव्वा म्हणाली.

"काही नाही," सुंदरम्मा म्हणाली. "घागर भरली."

सकाळी सांगू, तिनं ठरवलं. आठला तो खिडकीशी वाचायला बसतो, तेव्हा गजांतून हळूच सांगू. तो धावत जाईल, बारा दारं, अर्धा तास, काम झालं. ती घरी आली. तिला झोपही लागली, हे तिला पुढं जास्त टोचलं.

सकाळी आठला खिडकी बंद होती. मतदानानिमित्त वाचन बंद.

दाराशी बायकांना उभं राहू देत नव्हते. ती बंद खिडकीला कान लावून उभी राहिली, आणि तिला चिंचोके ऐकू आले. टण्... टण्... टण्. डब्यात पडणाऱ्या चिंचोक्याच्या आवाजाला रंग नसतो. मागच्या गल्लीतले म्हातारे मत देऊन बाहेर पडले आणि ओळीनं रामहरीची पाठ थोपटून गेले. "पच्च!" पहिला म्हणाला. "पच्च!" दुसरा म्हणाला. रामहरीनं प्रत्येकाच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

बाहेर चांदसाबनं घोड्याला पिवळी फुलं घातली होती. घोड्यानं त्यांतली निम्मी खाल्ली होती. तेवढ्यावरून काही समजायचं तर समजता आलं असतं.

सुरुवातीला कलंडलेलं ते वाक्य आता इथं येऊन पोचतं. त्याला काही इलाज नाही. हिरवा अठ्ठावीस, पिवळा वीस, तांबडा बारा. बेरीज साठ. एक चिंचोका कमी भरला. चौकशीअंती कळलं की म्हातारा येडू तो भाजलेला समजून खाऊन बसला होता. म्हणजे बारांतले अकराच पानात गेले, बारावा पोटात.

निकाल लिहून झाला आणि हेडमास्तरांनी तो, सवयीनं, वाचणाऱ्याच्या हातात दिला.

खिडकी कुणीतरी उघडली होती. सुंदरम्मानं तो आवाज ऐकला, रोजचा, स्वच्छ, छापील. "तमाम सभासदांस कळविण्यात येते की, घरच्या फेरीत हिरव्या डब्याचे उमेदवार रा. रा. हिंदुराव हे आठ मतांनी विजयी झाले असून, पिवळ्या डब्याचे उमेदवार रामहरी हे..." तिथं तो एका स्वल्पविरामाएवढा थांबला. पाणी मात्र प्यायला नाही. "...हे पडले आहेत."

पुढं हिंदुराव अध्यक्षही झाले. गुरुसिद्धप्पा खुर्चीतून उठले नाहीत, त्यामुळं हिंदुरावांनी वर्षभर अध्यक्षपद उभ्यानं भोगलं. मेहुणा बाकावर आला. त्याच्या शेजारी माठ आला.

रामहरी निघायच्या दिवशी खिडकीशी आला. बाहेरून, अंगणाच्या बाजूनं, सभासद नसलेल्या माणसासारखा.

"पच्च म्हंजे हिरवा म्हनं," तो म्हणाला.

सुंदरम्मा काठी फिरवत राहिली. हौदात त्या दिवशी निळा रंग होता.

"हेडमास्तर सांगत हुते. मीच उलटं ऐकलं आसंल. माग चालला हुता न्हवं पलीकडं... त्या आवाजात."

आता सांगायची वेळ होती. शब्द तयार होता, जिभेवर बसून होता. पण आता हळद म्हणजे नुसता रंग राहिली नव्हती. जायला निघालेल्या माणसाला हळद कशी म्हणायची? त्याला ते लग्नाचं बोलणं वाटलं असतं. आणि नसतं वाटलं, तर ते त्याहून वाईट.

"हो," ती म्हणाली. "माग... चालला होता."

तिनं आपली चूक त्याच्या कानांवर ढकलली, आणि त्यानं ती भाबडेपणानं घेऊन टाकली.

"तरी नायनांशी बोलला असता तर?" काठी थांबवून तिनं विचारलं.

"काय म्हनून बोलू? पडलेला उमेदवार म्हनून?"

"पडलेले लोक बोलत नाहीत का?"

"बोलत्यात की." तो सदऱ्यावरच्या थेंबांकडं बघत होता. "पर त्यांचं कोन ऐकतंय, अशी त्यांची समजूत झालेली असते... बगू. म्होरच्या साली पुन्यांदा उभा ऱ्हातो."

"उभे राहा," ती म्हणाली.

"सदरा तेवढा टिकला पायजे."

"रंग टिकेल."

चांदसाबनं त्याला स्टेशनवर सोडलं. घोडा तिकडे निघताना दोनदा मागं वळला. चांदसाबच्या मते ती दोन मतं होती.

पुढच्या सालापर्यंत थांबायला गल्ली तयार नव्हती. मल्लय्याच्या बहिणीनं मुंबईचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, हे सांगायलाच हवं. त्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नव्हती, तो बिनविरोध आला. मार्गशीर्षात लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड मुंबईच्या गाडीत बसलं.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. नवरा पाणी आणायला उतरला. सुंदरम्मा खिडकीशी बसली होती, आणि तिला खालून ऐकू आलं... टण्... टण्... टण्. कुणीतरी डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत, आवाज ऐकत, पुढं पुढं येत होतं. गाडीचे डबे, पण आवाज तोच. ती वाकली. निळ्या डगल्याच्या आतून गळ्याशी पांढऱ्या सदऱ्याची कड दिसत होती, आणि तिच्यावर एक पिवळा थेंब.

रामहरीनं वर बघितलं. वर बघण्याची त्याची खोड गेली नव्हती.

मग सुंदरम्मानं दोन्ही हात गजांतून बाहेर काढले. मनगटभर हिरवा चुडा, आणि त्याच्या खाली-वर, बोटांपासून कोपरापर्यंत, हळद. तिनं आधी बांगड्यांवर बोट ठेवलं.

"पच्च," ती म्हणाली.

मग हळदीच्या तळव्यावर बोट ठेवलं.

"...पच्च."

रामहरी बघत राहिला. हातोडी हातातच राहिली. मग त्याचे ओठ मिटले, आणि पहिल्यांदाच त्यानंतर हसू आलं नाही.

"दोन्ही व्हय?" तो म्हणाला. "म्हंजे त्या दिवशी तुमी... अर्धं..."

शिट्टी झाली. नवरा तांब्या घेऊन धावत आला, आणि 'कोण होता?' म्हणून त्यानं विचारलं. "चाकं बघणारा," सुंदरम्मा म्हणाली. "सगळी ठीक आहेत."

मुंबईला गेल्यावर, दुसऱ्या महिन्यात, तिनं एक कागद लिहिला. लिहायला येत होती ती एकाच प्रकारची मराठी. दुसरी शिकायच्या आत शिकवणारा गेला होता. म्हणून त्या कागदाचा अर्ज झाला. तो तिनं टपालात टाकला नाही. टाकला असता तरी फरक नव्हता. हेडमास्तरांनी ते तिन्ही डबे केव्हाच धुऊन परत दिले होते. अर्ज असा:

'मे. निवडणूक अधिकारीसाहेब, सन्मित्र मोफत वाचनालय, शुक्रवार पेठ, सोलापूर, यांचे सेवेशी.

अर्जदार सुंदरम्मा, सभासद नाही, हिचा विनंतीअर्ज की, घरच्या फेरीपूर्वी तीन दिवस, हौदाजवळ, उमेदवार रामहरी यांनी अर्जदारास एक शब्द विचारला. अर्जदाराने त्यापैकी अर्धा दिला. उरलेला अर्धा, अक्षरे तीन, अर्थ हळद, अर्जदाराचे तोंडात राहिला असून तो अद्याप तेथेच आहे. माग चालला होता हे म्हणणे खोटे आहे, ते रद्द समजावे.

तरी मेहेरबानांनी कृपा करून सदर अर्धा शब्द मागील तारखेने दाखल करून घ्यावा, अकरा चिंचोके हिरव्या डब्यातून काढून पिवळ्यात टाकावेत, आणि तदनंतर जे जे व्हावयाचे होते ते ते क्रमवार होऊ द्यावे.'